पहिली फेरी त्यांची, दुसरी आपली: सीमाभागातल्या माणसांचं जगणं फोटोत मांडायला शिकताना

वडगाव-खासबागेत यंत्रमागांची खडखड, निपाणीत मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसलेल्या बिडी कामगार बायका, अथणीत चपला शिवणारे कारागीर, खानापूरकडे गुडघाभर चिखलात चाललेली रोपलागण. बेळगाव जिल्ह्यात फोटोसाठी विषय शोधत फिरावं लागत नाही, आणि नवखी पोरं फसतात ती इथंच. रविवारी दोन मोटारसायकली काढायच्या, दीडशे फोटो मारायचे, संध्याकाळी त्यातले दहा स्टेटसला टाकायचे, की काम झालं. अशा फोटोत माणूस दिसतो, पण तो कोण, करतोय काय आणि त्या क्षणी का करतोय, यातलं काहीच कळत नाही. सुरकुत्या तेवढ्या छान येतात.

हा लेख साधारण सोळा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसाठी आहे. हातात साधा फोन असला तरी चालेल. तीन महिने, एक विषय, सहा खेपा एवढं धरून पुढचं सगळं लिहिलंय. त्यात नियम एकच, बाकीचं सोयीनं बदला: पहिल्यांदा काढलेले फोटो त्या माणसाचे. ते छापून त्याच्या हातात द्यायचे. आपलं काम दुसऱ्या फेरीपासून.

विषय मुठीत मावेल एवढा घ्या

'वडगावचे विणकर' हा विषय होत नाही, ती अख्खी वस्ती झाली. 'एका मागावर ताणा (उभे धागे) चढल्यापासून तो संपेपर्यंत' हा विषय. तसंच 'निपाणीच्या बिडी कामगार' म्हणण्यापेक्षा 'एका घरात पानं भिजत घातल्यापासून बिड्या मोजून देईपर्यंत' असं म्हणा. 'ऊसतोड' म्हणण्यापेक्षा 'एका टोळीची एक गाडी भरेपर्यंत' असं म्हणा. विषयाला सुरुवात आणि शेवट असला की काय काढायचं राहिलं ते आपोआप समजतं.

विषय पक्का करण्याआधी तीन गोष्टी तपासा. तिथं बसनं दोन तासांत जाऊन पोचता येतं का? पुढच्या दोन महिन्यांत सहा वेळा जाणं जमेल का? तिथं ओळखीचं, निदान ओळखीच्याच्या ओळखीचं, कोणी आहे का? तिन्हीला 'हो' आलं नाही तर विषय कितीही देखणा असो, सोडून द्या. सौंदत्तीच्या डोंगरावर जत्रेच्या दिवशी मारलेली एक चक्कर यातल्या एकाही चाळणीतून उतरत नाही. आपल्या गल्लीच्या टोकाचा इस्त्रीवाला मात्र तिन्हीतून उतरतो.

हंगामही बघा. रोपलागण जून-जुलैतली, त्यामुळे मेमध्ये ठरवून ठेवलं तरच गाठता येते. भात कापणी आणि मळणी दिवाळीच्या आगेमागे. चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत असतात. माग, बिडी, चपला, कुंभारकाम वर्षभर चालतं, म्हणून पहिल्या कामाला हेच बरे. खानापूरला कुंभारकाम शिकवणारी केंद्र सरकारची जुनी संस्था आहे. त्या बाजूला विषय घेणार असाल तर तिथं एक दिवस घालवा. माती, चाक, आवा (भट्टी) यांची नावं नीट कळली की पुढं कुंभारवाड्यात प्रश्न विचारताना आपण अगदी कोरे वाटत नाही.

सामान

फोन असेल तर पाच कामं आजच करा. ब्युटी मोड बंद करा, नाहीतर साठीच्या आज्जीचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत येतो. पोर्ट्रेट मोड बंद करा. तो पाठीमागचं पुसट करतो आणि आपल्याला नेमकं ते पाठीमागचंच हवं असतं. फ्लॅश बंद. ग्रिड चालू. दोन बोटांनी झूम करायची सवय सोडा, १एक्सवर ठेवा आणि पायांनी जवळ जा. सहावं काम रोजचं: काढण्याआधी लेन्स सुती कापडानं पुसायची. धुरकट आलेल्या फोटोंपैकी निम्म्यांना कारण धूर नसतो, बोटाचा तेलकट ठसा असतो.

कॅमेरा घेणार असाल तर जुना, वापरलेला चालतो. एपीएस-सी म्हणजे लहान मापाच्या सेन्सरवर ५० मिमीची लेन्स ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे समोरचं कमी मावतं. आपल्याकडच्या घरांत, माजघरात नाहीतर मागाच्या खोलीत, तेवढं मागं सरकायला जागाच नसते. ३५ किंवा २४ मिमीची लेन्स जास्त कामी येते. लांब पल्ल्याची झूम लेन्स पहिलं वर्षभर घेऊ नका. ती हातात आली की माणूस रस्त्यापलीकडून चोरून फोटो काढायला लागतो.

बाकी सामान थोडं: दोनशे पानी वही, दोन पेन, दहा हजार एमएएचची पॉवर बँक, सुती पंचा, दोन जाड प्लास्टिक पिशव्या, रबर बँड. आणि पाण्याची बाटली आपली आपण न्यावी. लोक चहा देणारच, पण पाणी मागायची पाळी येऊ नये.

पहिली फेरी

दोघांनी जा. चौघं गेलात की ती सहल होते. शक्यतो एक मुलगी आणि एक मुलगा असे जा. बायका घरात काम करतात तिथं मुलगी आत बसते, मुलगा ओट्यावर थांबतो, कुणाला अडचण वाटत नाही.

पहिला तासभर फोन खिशात. आपण कोण, कुठल्या गावचे, कुणाच्या ओळखीनं आलो, काय करणार आणि फोटो कुठं दाखवणार, हे चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. घरी म्हणून बघा. अडखळलात तर समजा की तुमचं तुम्हालाच अजून ठरलेलं नाही. इथं एक घोटाळा हटकून होतो. वही-पेन घेऊन आलेलं पोरगं दिसलं की ते सर्व्हेवालं, रेशनवालं नाहीतर कुठल्या योजनेचं, असं लोक धरून चालतात. 'आमचं नाव घाल की रे बाळा' असं कुणी म्हटलं तर हसून वेळ मारून नेऊ नका. त्याच मिनिटाला सांगा: 'मावशी, आम्ही सरकारी न्हवं, कॉलेजातली पोरं. यातनं पैसे-बिसे मिळत नाहीत.' हे नंतर कळलं तर दार बंद होतं, आणि तुमच्या पाठून येणाऱ्यालाही बंद होतं.

भाषेचं बघा. वडगावात एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत कन्नड, पलीकडं उर्दू. आपली कन्नड मोडकी असली तरी विचारणं त्यांच्या भाषेत असावं. 'फोटो तेगीलेन्री?' एवढं तरी यावंच. आणि उत्तर 'ब्याड' आलं तर तो नकार आहे, हेही माहीत असावं. मराठीत 'राहू दे की' हासुद्धा नकारच. 'आत्ता नको, केस विंचरल्याले न्हाईत' हा मात्र होकार, वेळ तेवढी बदलायची.

मग शेवटच्या वीस मिनिटांत फोटो. त्यांना हवे तसे काढायचे: उभं राहून, नातवाला कडेवर घेऊन, नवी साडी नेसून, देव्हाऱ्यासमोर. हे फोटो आपल्या विषयात बसत नाहीत म्हणून कंटाळा करू नका. माणसाला स्वतःला कसं दिसायचंय ते इथं कळतं, आणि पुढं आपण जे काढणार ते याच्याशी ताडून बघता येतं.

आठ दिवसांत ते छापा. ४ बाय ६ इंच प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे कुठलाही फोन चालतो. पण फोनचा फोटो ४:३ मापाचा आणि प्रिंट ३:२ मापाची. कागद पूर्ण भरायचा म्हणून स्टुडिओतलं मशीन आडव्या फोटोची वरची-खालची कड मिळून नववा हिस्सा कापतं. कुणाचं डोकं, कुणाची पावलं त्यात जातात. 'कापू नका, पांढरी कड ठेवून छापा' असं आधीच सांगा. घरात जितकी माणसं फोटोत आली तितक्या प्रती काढा. एकच काढली तर ती थोरल्या जावेकडं राहते आणि धाकटी रुसते.

परवानगी ही एकदाची गोष्ट नाही

फोटो काढायची परवानगी वेगळी, दाखवायची वेगळी. गल्लीतल्या प्रदर्शनात चालेल पण इन्स्टाग्रामवर नको, असं सांगणारे बरेच भेटतात आणि त्यांचं बरोबर असतं. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: गावात दाखवू का? पेपरात-मासिकात चालेल का? मोबाईलवर टाकू का? उत्तरं वहीत तारखेसह लिहा, किंवा त्यांच्या संमतीनं फोनवर रेकॉर्ड करा. मराठीत आणि कन्नडमध्ये अर्ध्या पानाचा कागद करून सहीसाठी ठेवला तरी हरकत नाही. पण वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेऊन मोकळं होणं म्हणजे परवानगी नव्हे. तो कागद मोठ्यानं वाचून दाखवा. आणि कधीही 'काढून टाक' म्हणाले तर काढायचं, हे कागदावरच लिहा.

अठरा वर्षांच्या आतलं मूल असेल तर आई-बापाला विचारा, मग मुलालाही विचारा. शाळेत काढायचे असतील तर मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. गणवेशावरचा बिल्ला, वहीवरचं नाव आणि शाळेचा फलक एकाच फोटोत येऊ देऊ नका. एखादं मूल काम करताना दिसलं तर 'भारी फ्रेम' म्हणून चेहरा टिपून कुठं टाकू नका. त्यात मुलाचा फायदा नाही आणि घरच्यांची बदनामी आहे. मूल खरंच संकटात आहे असं वाटलं तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर आहे. ते काम फोटोवर ढकलायचं नसतं.

सौंदत्तीच्या यल्लम्माला मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला मोठी गर्दी असते. तिथं गळ्यात मोत्यांची माळ, हातात परडी दिसली की खाली 'देवदासी' लिहून मोकळं होणारे फोटो दरवर्षी फिरतात. देवाला मुली सोडायची चाल कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंद केलेली आहे. एखाद्या बाईवर अंदाजानं तो शिक्का मारणं म्हणजे तिच्यावर उघड आरोप करणं. तिनं स्वतः सांगितलं आणि लिहायला हो म्हटलं, तरच लिहा.

बेळगावात कॅम्प भागात लष्कराची हद्द आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथंच आहे. मनाईचे फलक दिसले की फोन आत. 'मी विद्यार्थी आहे' हे तिथं कारण होत नाही. फौंड्रीत, कारखान्यात, तंबाखूच्या वखारीत कामगार हो म्हणाला तरी मालकाला विचारल्याशिवाय काढू नका. तुम्ही निघून जाल, बोलणी तो खाईल.

दुसरी फेरी: मागाच्या खोलीत

आता काम. यंत्रमागाची खोली उदाहरणाला घेऊ, कारण अडचणी सगळ्या इथं एकदम येतात.

आत गेल्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. माग कुठून चालू होतो, धोटा (आडवा धागा घेऊन ये-जा करणारा लाकडी तुकडा) कुठून कुठं जातो, माणूस कुठं वळतो ते बघा. धोटा मागाच्या एका कुशीतून दुसऱ्या कुशीत झेपावतो. कधी तो उडून बाहेर येतो, लाकडी, टोकाला धातू लावलेला आणि जबर वेगाचा. म्हणून धोट्याच्या रेषेत, मागाच्या बाजूला, कधीही उभं राहायचं नाही. समोर किंवा विणकराच्या पाठीशी उभे राहा. ओढणी खोचा, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळा. मागाच्या पट्ट्यात काही अडकलं तर माग थांबत नाही.

उजेड दोन प्रकारचा असतो. मागावरच्या ट्यूबचा, आणि छपरातल्या काचेच्या कौलातून उतरणारा. दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान कौलातला उजेड सरळ खाली येतो आणि हवेतली सुताची धूळ दिसते. तीच बारीक धूळ तुमच्या लेन्सवरही बसते. स्क्रीनवर चेहरा दिसतो तिथं बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. नाहीतर कौलाखालचा तुकडा पांढरा फटक जातो.

फोटोवर काळे आडवे पट्टे आले तर फोन बिघडलाय असं समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ, सेकंदात) १/५००, १/१००० असं जलद ठेवलं की ती लुकलुक पट्ट्यांच्या रूपात पकडली जाते. प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६०० राहू द्या, पट्टे जातात. १/१०० वर धोटा पुसट येतो. तो येऊ दे, चालता माग तसाच दिसतो. हात स्पष्ट हवे असतील तर विणकर तुटलेला धागा सांधतो तो क्षण धरा. त्या वेळी माग थांबलेला असतो आणि बोटं जवळजवळ स्थिर असतात.

खोलीत बोलणं ऐकू येत नाही. मोठ्यानं ओरडून मुलाखत घ्यायला जाऊ नका. करंट गेला की सगळे माग एकदम गप्प होतात, माणसं उंबऱ्याशी येतात, तंबाखू निघते, आणि मग दिवसभरात झाल्या नसतील तेवढ्या गोष्टी दहा मिनिटांत होतात. वही तेव्हा उघडायची.

एका फेरीत सहा तऱ्हेचे फोटो आले पाहिजेत. गल्ली आणि घर दाखवणारा लांबचा. माणूस आणि माग दोन्ही मावतील असा मधला. हातांचा. एखाद्या वस्तूचा, समजा कांड्यांची (सूत गुंडाळलेल्या नळ्यांची) पाटी किंवा खिळ्याला अडकवलेला डबा. दोन माणसांमधला, जसं कांड्या भरणारी बायको आणि माग चालवणारा नवरा. आणि काम थांबल्यावरचा. नवखे सत्तर टक्के फोटो चेहऱ्याचे काढतात आणि घरी आल्यावर कळतं की ही खोली कुठं होती हे सांगणारा एकही फोटो नाही. चेहरे कमी करा.

बिडीचं घर, आणि वेळेचा हिशेब

बिडीची मजुरी हजारावर मिळते. आठ तासांत हजार बिड्या वळणारी बाई तासाला सव्वाशे वळते. 'मावशी, जरा इकडं बघा, परत एकदा, हात वर धरा' करत तिचा अर्धा तास घेतलात तर साठ-एक बिड्या गेल्या, त्यांचे पैसेही गेले. म्हणून इथं काही मांडायला सांगायचं नाही. विचारून तिच्याजवळ जमिनीवर बसा, सुपाच्या उंचीला. उभ्यानं काढलेल्या फोटोत तिची मान खाली आणि भांग तेवढा दिसतो. बसून काढलं की डोळे, हात आणि सूप एका रेषेत येतात. बायका उजेडासाठी दाराशीच बसतात, त्यामुळे बाजूनं येणारा उजेड आयता मिळतो. तुम्ही स्वतः दारात बसू नका, तिचा उजेड अडतो.

क्रम असा असतो: भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कातरायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, टोक दुमडायचं. एका बिडीला अर्धा मिनिटही लागत नाही. १/२५० शटरवर बोटं थांबतात. पहिल्या पन्नास बिड्या नुसत्या बघा, मग तिचा ताल कळतो आणि दुमडायच्या क्षणी बोट आपोआप बटणावर पडतं. तंबाखूची पूड बारीक आणि तिखट असते. शिंक आली तर तोंड फिरवा, सूप समोर आहे. लेन्स तिथं पुसू नका, कण घासून ओरखडे उठतात. बाहेर आल्यावर आधी फुंकर, मग कापड.

उसाच्या फडात वेगळंच. टोळी उजाडायच्या आधी कामाला लागते, नऊला पोचलात तर निम्मं संपलेलं असतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाल्याच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. कोयत्याच्या झोकात, विशेषतः तोडणाऱ्याच्या मागं, उभं राहू नका.

पावसातलं काम

जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस सुरू झाला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. जाड प्लास्टिक पिशवीच्या तळाला लेन्सएवढं भोक पाडा, कड रबर बँडनं लेन्सभोवती आवळा, मागच्या तोंडातून हात घाला. फोनला पारदर्शक पिशवी पुरते, मात्र लेन्ससमोरचं प्लास्टिक ताणून धरा. बाहेरच्या गारठ्यातून चुलीजवळ आलात की काच धुकटते. पुसत बसू नका, पंधरा मिनिटं पिशवीतच राहू द्या. घरी कॅमेरा कपाटात कोंडू नका, पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काढणं महाग पडतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या, एवढं पुरतं. निळं सिलिका गुलाबी झालं की ओलं झालं असं समजा आणि बदला.

वही

फोटोइतकीच मेहनत इथं लागते, आणि आळस सगळ्यात जास्त इथंच होतो. त्याच दिवशी, बसमध्ये बसल्या बसल्या लिहा: गाव, गल्ली, तारीख, वेळ, कोण, काय करत होते, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय होणार, आणि त्यांचं एक वाक्य जसंच्या तसं. त्यांनी 'करंट' म्हटलं असेल तर 'विद्युतपुरवठा' लिहू नका.

'कष्टकरी हात' ही ओळ भारतातल्या कुठल्याही फोटोखाली खपते, म्हणून ती बाद. त्याऐवजी: 'निपाणी, जानेवारी, सकाळी नऊ. रात्री भिजवलेली पानं फर्म्यावर कातरून होत आली आहेत. बिड्या संध्याकाळी मोजून द्यायच्या. खराब म्हणून किती बाजूला पडतील ते तिथं गेल्यावर कळतं.' यात एकही सजवणारं विशेषण नाही आणि वाचणारा थांबतो.

नावांचा प्रश्न इथं हमखास येतो. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, घरात बेळगाव म्हणतात, काही कन्नड घरांत बेळगावी म्हणतात. मथळ्यात तुम्हाला हवं ते ठेवा, पण माणसाच्या तोंडचं वाक्य असेल तर तो म्हणाला तेच नाव लिहा. आडनावाचं स्पेलिंगही आपल्या मनानं मराठी करू नका, त्याला विचारा.

फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा: एक घरच्या कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत मित्राकडच्या पेन ड्राइव्हवर. फोल्डरला तारीख आधी, मग गाव, मग विषय असं नाव द्या म्हणजे ते आपोआप क्रमानं लागतात. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मोठा छापता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फाइलसोबत घराचा ठावठिकाणा जातो.

एक उलटी फेरी

चौथ्या-पाचव्या खेपेला त्यांनाच फोटो काढायला सांगा. १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी चीनमधल्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यांनी काढलेल्या फोटोंवर त्यांच्याशीच चर्चा केली. ही पद्धत 'फोटोव्हॉइस' या नावानं जगभर वापरतात. आपल्याकडं तर फोन घरोघरी आहे. 'आठ दिवसांत पाच फोटो काढून ठेवा, तुम्हाला जे दाखवावंसं वाटेल ते' एवढंच सांगा. तुम्ही मागाकडं बघत बसलेले असता आणि ते पाण्याची टाकी, पोरीचं मार्कशीट, सुजलेला गुडघा दाखवतात. ते फोटो तुमच्या मालिकेत घ्यायचे असतील तर खाली नाव त्यांचं.

निवड

सहा खेपांचे हजारभर फोटो झाले असतील. पहिल्या चाळणीत शंभर, दुसरीत तीस, शेवटी बारा. सगळे शंभर ४ बाय ६ छापणं परवडत नसेल तर साध्या ए-फोर कागदावर एका पानावर नऊ असे झेरॉक्सवाल्याकडून काढा, कातरा आणि सतरंजीवर मांडा. मोबाईलवर सरकवत निवड होत नाही, दोन फोटो शेजारी आल्याशिवाय एकसारखे कोणते ते कळत नाही. एकाच हाताचे तीन चांगले फोटो असतील तर दोन वगळा. स्वतःला आवडलेला पण काहीच न सांगणारा एक फोटो प्रत्येकाकडं असतो. तो आधी बाजूला करा, म्हणजे बाकीचं सोपं जातं. शेवटची यादी त्या घरी दाखवा. एखादा नको म्हणाले तर बारातला एक बदलला, एवढंच.

चांगलं काम कसं असतं ते बघायचं असेल तर मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलेले सुधारक ओलवे यांचे फोटो पाहा. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर ग्रामीण भागातल्या कामाच्या फोटोकथा मराठीत आणि कन्नडमध्येही वाचायला मिळतात, आणि विद्यार्थ्यांचं कामही तिथं येतं. बघताना फोटोच्या खालच्या ओळी आधी वाचा.

दाखवणं

पहिलं प्रदर्शन त्याच गल्लीत. मंदिराचा मंडप, तालमीचा ओटा, वाचनालयाची खोली, काहीही चालतं. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटसाठी १२ मेगापिक्सेलचा फोटो पुरतो, कारण एवढा मोठा फोटो माणूस हातभर लांबून बघतो. दोन खांबांना सुतळी बांधा, कपड्याचे चिमटे लावा. उंची घरातल्या बायकांच्या डोळ्यांच्या हिशेबानं धरा, आपल्या नको. ओळी मराठीत आणि कन्नडमध्ये, बोटाएवढ्या जाड अक्षरात. कन्नड ओळी कन्नड घरातल्या माणसाकडून तपासून घ्या, मोबाईलवरच्या भाषांतरावर सोडू नका. वेळ संध्याकाळी सातनंतरची, बिड्या देऊन आणि माग बंद करून लोक मोकळे होतात तेव्हाची.

प्रत्येक ओळीच्या पट्टीखाली चार बोटं कोरी जागा सोडा आणि शेजारी सुतळीला शिसपेन्सिल टांगा. 'हा धोटा न्हवं, कांडी', 'नाव चुकलंय', 'हे दिवाळीच्या आधीचं' असं लोक लिहून जातात, लिहिता न येणारे पोरांकडून लिहून घेतात. प्रदर्शन उतरवताना फोटो त्या घरी द्या. पट्ट्या मात्र आपल्याकडं आणा, त्याच रात्री वहीतल्या नोंदी दुरुस्त करा आणि मग फाइलखालच्या ओळी.